लिंकनचा वारसा : एका शालेय प्रकल्पाची गोष्ट

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हाला रोज कोणीतरी विचारते आहे, 'गणपतीत लिंकन कुठून आला?' प्रश्न रास्त आहे. आपल्या घरांपैकी बरीच घरे होळकरांच्या काळापासून इंदुरात आहेत. इथे अहिल्यादेवींवर बोलावे, तुकोजीरावांवर बोलावे, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी आपला काय संबंध? आम्हीही सुरुवातीला हेच म्हणत होतो. संबंध आमच्या आठवीतल्या नातीने शोधून काढला. आम्ही तिला चष्मा पुसून साथ दिली, एवढेच. गणपती ही विद्येची देवता आहे, तेव्हा विद्या शोधताना काय काय घडते, ते इथे सांगायला हरकत नसावी.

शाळेने चिठ्ठ्या टाकून विषय वाटले होते. नातीच्या चिठ्ठीवर होते, 'अब्राहम लिंकन यांचा वारसा'. बारा पाने, चित्रे वेगळी, मुदत तीन आठवडे. ती घरी आली आणि म्हणाली, "आबा, वारसा म्हणजे नक्की काय लिहायचं?"

हा शब्द आपण फार सैल वापरतो. पण हाच शब्द तहसील कचेरीत घेऊन जा. वडिलांच्या शेताचे नामांतरण करायचे असेल, तर पटवारी तुमचे भाषण ऐकत नाही. तो विचारतो, खसरा कुठे आहे, मृत्यूचा दाखला कुठे आहे, वारस किती आणि त्यांच्या सह्या कुठे आहेत? 'सगळे गाव जाणते, हे शेत आमचेच' म्हणून भागत नाही. आम्ही नातीला सांगितले, लिंकनच्या वारशालाही हाच नियम लाव. जे जे त्याच्या नावावर चढवशील, त्याचा कागद दाखव. तिला ही कल्पना आवडली. तिने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले : एक 'म्हणतात' आणि दुसरा 'कागद आहे'.

आणि पहिल्याच संध्याकाळी पेच पडला. कारण लिंकन म्हटल्यावर मराठी माणसाला सर्वांत आधी काय आठवते? हेडमास्तरांना लिहिलेले पत्र! इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी ते शाळेत पाठ केले असेल. शाळांच्या व्हरांड्यात ते चौकटीत लावलेले असते, शिक्षकदिनाला कोणीतरी ते म्हणतेच, निरोपसमारंभात त्याची प्रत भेट देतात. ते मराठीत आणले कविवर्य वसंत बापट यांनी, आणि असे आणले की ते मुळातच मराठी असावे असे वाटते. नातीने पहिल्या पानासाठी तेच योजले होते. घरातल्या घरात तिला ते आठ-दहा ओळींपर्यंत येतही होते.

मग तिने स्वतःच पाडलेल्या रकान्यांत ते बसवायला घेतले. पत्राची तारीख? नाही. हेडमास्तरांचे नाव? नाही. शाळेचे नाव, गाव? नाही. मूळ इंग्रजी हस्ताक्षराचे छायाचित्र? कुठेही नाही. ज्या माणसाच्या चार ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा लोकांनी जपून ठेवल्या, त्याच्या एवढ्या प्रसिद्ध पत्राला तारीख कशी नाही?

तिने दुसरी तपासणी केली ती घराची. राष्ट्राध्यक्ष असलेल्या बापाने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र, अशी त्याची ओळख सांगतात. लिंकन यांना चार मुलगे. थोरला रॉबर्ट १८४३ चा. दुसरा एडवर्ड चौथ्या वर्षाच्या आतच, १८५० मध्ये गेला. तिसरा विली, चौथा टॅड. लिंकन मार्च १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा रॉबर्ट हार्वर्ड विद्यापीठात शिकत होता. विली आणि टॅड यांना शिकवायला शिक्षक व्हाइट हाउसमध्ये येत. विली १८६२ मध्ये तिथेच तापाने गेला. टॅड तर वडील असेपर्यंत शाळेच्या वाटेला फारसा गेलाच नाही. मग राष्ट्राध्यक्षांनी पत्र लिहिले कोणत्या मुलासाठी आणि कोणत्या हेडमास्तरांना?

तिसरी तपासणी सर्वांत सोपी निघाली. लिंकन यांचे लेखन, पत्रे आणि भाषणे एकत्र करून १९५३ मध्ये आठ खंडांत छापली गेली आहेत. हे खंड आज संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतात, त्यांत शब्द टाकून शोधताही येते. शिवाय रॉबर्टने वडिलांची कागदपत्रे अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयाकडे सोपवली होती. अट अशी घातली की आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ती उघडायची नाहीत. रॉबर्ट २६ जुलै १९२६ रोजी वारला, आणि बरोबर एकवीस वर्षांनी, १९४७ च्या जुलैत, ती पेटी उघडली. आठ खंडांत ते पत्र नाही. त्या कागदांतही नाही. नातीने 'कागद आहे' या रकान्यात फुली मारली.

त्या रात्री जेवताना घरात चांगलीच जुंपली. आमचे धाकटे चिरंजीव, म्हणजे तिचा काका, म्हणाला, "अगं, पत्र चांगलं आहे ना? त्यातली शिकवण चांगली आहे ना? मग ते लिंकननं लिहिलं की आणखी कोणी, त्यानं काय बिघडतं? उगीच सुतावरून स्वर्ग कशाला गाठतेस?" हा आक्षेप साधा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात आत्ता तोच असेल, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, शिकवण चांगली असेल तर ती स्वतःच्या पायावर उभी राहते. तिला मोठ्या माणसाची सही लागत नाही. सही लागते असे ज्याला वाटते, त्याचाच शिकवणीवर पुरता विश्वास नसतो. दुसरी गोष्ट न्यायाची आहे. त्या मराठी ओळींत जी लय आहे, जे शब्द आहेत, ते वसंत बापटांचे आहेत. आपण ते म्हणताना लिंकनचे नाव मोठ्याने घेतो आणि बापटांचे घेतलेच तर शेवटी घाईघाईत. मराठी समाज म्हणवतो आणि आपल्याच कवीचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो, हे बरे नव्हे. आणि तिसरी गोष्ट, जी पुढच्या आठवड्यात आमच्या लक्षात आली, ती सर्वांत महत्त्वाची. खोट्या पत्राने खऱ्या पत्रांची जागा अडवली होती.

लिंकन यांनी खरोखर लिहिलेली आणि तारीख-वार असलेली तीन पत्रे नातीने निवडली. ती थोडक्यात सांगतो.

पहिले पत्र अकरा वर्षांच्या मुलीला आहे. ऑक्टोबर १८६० मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या मुलीने लिंकनना कळवले की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवलीत तर बरे दिसाल आणि मतेही जास्त मिळतील. १९ ऑक्टोबरला लिंकनचे उत्तर गेले. त्यात त्यांनी लिहिले की मला मुलगी नाही याचे वाईट वाटते. तीन मुलगे आहेत, सतरा, नऊ आणि सात वर्षांचे. दाढीबद्दल कबूल काही केले नाही, पण दाढी वाढवली. फेब्रुवारी १८६१ मध्ये वॉशिंग्टनला जाताना आगगाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हा त्यांनी गर्दीतून त्या मुलीला बोलावून घेतले आणि ती दाढी दाखवली.

दुसरे पत्र सावत्र भावाला, जॉन जॉन्स्टन याला, डिसेंबर १८४८ मधले. भावाने ऐंशी डॉलर उसने मागितले होते. लिंकन यांनी पैसे दिले नाहीत. त्यांनी लिहिले की तू आळशी नाहीस, पण दिवसभर मनापासून काम करणे तुझ्याकडून होत नाही. आता असे कर, कुणाकडे तरी मजुरीला लाग. मे महिन्यापर्यंत तू स्वतःच्या श्रमाने जेवढे डॉलर मिळवशील, तेवढेच आणखी मी तुला देईन. पैशाबद्दल घरच्या माणसाला इतके स्पष्ट आणि तरी इतके मायेने लिहिणे आपल्यापैकी किती जणांना जमेल?

तिसऱ्या पत्रासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. हो, सोळापैकी पंधरा! लिंकन यांनी त्याला एक्सेटर गावच्या शाळेत वर्षभर तयारीला ठेवले. आपल्या भंवरकुआंच्या भाषेत सांगायचे तर पोराने 'ड्रॉप' घेतला. पुढच्या वर्षी तो पास झाला. पण त्याच्याबरोबर स्प्रिंगफील्डहून गेलेला मित्र, जॉर्ज लॅथम, नापास झाला. रॉबर्टने ते घरी कळवले. २२ जुलै १८६० रोजी लिंकन यांनी त्या मित्राला पत्र लिहिले. लक्षात घ्या, दोनच महिन्यांपूर्वी त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली होती. सारा देश त्यांच्या दारात होता, आणि हा माणूस मुलाच्या नापास मित्राला पत्र लिहीत बसला होता.

पत्राचा आशय असा. तू नापास झाल्याचे कळले, आयुष्यात क्वचितच इतके वाईट वाटले असेल. पण खचून जाऊ नकोस. नक्की काय अडले ते शोध. विद्यापीठाचे प्रमुख दयाळू गृहस्थच असणार, त्यांना भेट, ते रस्ता सुचवतील. पुन्हा प्रयत्न कर, मनाचा निर्धार पक्का ठेव. आणि या तात्पुरत्या अपयशावरून असे मुळीच ठरत नाही की, जे आत गेले त्यांच्यापेक्षा तू पुढे जास्त चांगला विद्वान आणि जास्त यशस्वी माणूस होणार नाहीस. हे लिहिणाऱ्याची स्वतःची शाळा किती झाली होती? सगळे तुकडे जोडले तरी एक वर्षसुद्धा भरत नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ते पत्र लॅथमकडे राहिले आणि आजही जपलेले आहे.

आता घरातली एक गोष्ट सांगतो, सांगायला नातवाची परवानगी घेतली आहे. नातीचा थोरला भाऊ या वर्षी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसला होता. दोन वर्षे तो पहाटे क्लासला जाई आणि रात्री परत येई. जूनमध्ये निकाल लागला आणि त्याला हवी होती ती जागा मिळाली नाही. महिनाभर पोरगा खोलीबाहेर आला तो जेवणापुरता. सकाळी पोहे-जिलबी आणली तरी 'नको' म्हणे. शेजारी विचारतील म्हणून गच्चीवरही जाईना. आम्ही समजावून पाहिले, त्याच्या आईबापांनी समजावून पाहिले. आपल्या शहरात असे घर एकच नाही, हे इथे बसलेल्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

नातीने लॅथमचे पत्र मराठीत आपल्या अक्षरात उतरवले आणि काही न बोलता त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने ते वाचले की नाही, आम्हाला दोन दिवस कळले नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो बाहेर येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, लिंकनचा मुलगा खरंच पंधरा विषयांत नापास झाला होता?" आम्ही नातीची वही त्याच्यापुढे सरकवली. तारखा होत्या, कागद होते. तो बराच वेळ वाचत होता. मग त्याने विचारले, "आणि वर्षभर पुन्हा शिकायला ठेवलं? रागावले नाहीत?" त्याच्या वडिलांनी त्याचे उत्तर दिले. ते काय होते, ते त्या दोघांतच राहू दे. ऑगस्टपासून तो पुन्हा क्लासला जाऊ लागला आहे. पुढे काय होईल ते होईल.

आम्ही एवढेच म्हणतो : त्या क्षणी त्याला चौकटीतले पत्र उपयोगी पडले नसते. त्या पत्रात पराभव पचवायला शिकवा, अशी विनंती आहे. लॅथमच्या पत्रात प्रत्यक्ष हरलेला एक मुलगा आहे, आणि त्याच्या दारावर एक मोठा माणूस हळूच टकटक करतो आहे. शिवाय आठवीतल्या मुलीने भावाला 'हे खरे आहे' असे छातीठोक सांगता यावे, यात फार मोठी ताकद असते.

पण पत्रे हा काही सगळा वारसा नव्हे. मॅडमनी बारा पाने सांगितली होती. तेव्हा लिंकन यांनी सही केलेल्या मोठ्या कागदांकडे वळू.

सर्वांत प्रसिद्ध कागद १ जानेवारी १८६३ चा, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा. 'लिंकनने गुलामगिरी संपवली' हे वाक्य आपण पाठ केलेले असते. नातीने कागद वाचला तर त्यात निघाले की ही मुक्ती बंडखोर राज्यांपुरतीच होती. केंटकी, मिसुरी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली पण संघराज्यात राहिलेली राज्ये त्यातून वगळली होती. संपूर्ण देशातून गुलामगिरी गेली ती घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. तिच्यासाठी लिंकन यांनी जिवाचे रान केले, पण ती पूर्ण मंजूर झाली ६ डिसेंबर १८६५ रोजी. लिंकन त्याआधी आठ महिने, १५ एप्रिलला, गोळी लागून गेले होते. नाती म्हणाली, "म्हणजे नामांतरण वारल्यावर झालं!"

आणि त्या वारशाचा एक हिस्सा थेट मराठीत आला. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्याग केला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. लिंकन यांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. तार नुकतीच आलेली, पेपर बोटीने येत, आणि पुण्यातला एक माणूस अमेरिकेतल्या त्या लढ्याचा अर्थ आपल्या समाजाला लावून पाहत होता. याचा कागद आहे. पुस्तकाचे पहिलेच पान!

इथे आम्ही एक गंमत सुचवली. लिंकन यांनी एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरबाजार वेडा झाला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळला. हेही लिही, म्हटले. नातीने मान हलवली. "आजी, तू सांगतेस तो परिणाम झाला. तो त्यांनी मागे ठेवलेला वारसा नाही. तो वेगळ्या पानावर जाईल." आम्ही गप्प बसलो, कारण तिचे बरोबर होते.

आता आमच्या आवडीच्या कागदाकडे येतो. २ जुलै १८६२. युद्ध ऐन भरात, उत्तरेचे सैन्य मार खाते आहे, आणि त्या दिवशी लिंकन एका कायद्यावर सही करतात. त्याला मॉरिल कायदा म्हणतात. प्रत्येक राज्याला, संसदेतल्या त्याच्या प्रत्येक प्रतिनिधीमागे तीस हजार एकर या हिशेबाने सरकारी जमीन द्यायची. ती विकून येणाऱ्या पैशातून राज्याने असे महाविद्यालय काढायचे, जिथे शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांना शेती आणि यंत्रविद्या शिकायला मिळेल. लिंकन यांच्याच इलिनॉय राज्यात या कायद्याच्या आधाराने १८६७ मध्ये एक संस्था निघाली. तेच पुढे इलिनॉय विद्यापीठ झाले.

आता नकाशावरून बोट आपल्याकडे आणा. स्वातंत्र्यानंतर भारताने याच धर्तीवर कृषी विद्यापीठे काढायचे ठरवले. १९६० मध्ये पंतनगर आणि १९६४ मध्ये आपल्या मध्य प्रदेशात जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. या दोन्ही ठिकाणी मदतीला आलेले अमेरिकन विद्यापीठ होते इलिनॉय! आणि त्या सहकार्यातून, साठच्या दशकात, या दोन्ही ठिकाणी एका पिकाचे प्रयोग जोरात सुरू झाले. ते पीक म्हणजे सोयाबीन.

आता या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला संबंध कळला असेल! काळ्या सालीचे देशी सोयाबीन आपल्याकडे थोडेफार पूर्वीही होते. पण पिवळे, भरघोस उत्पन्नाचे, तेलासाठी गिरणीत जाणारे सोयाबीन माळव्यात आले ते या प्रयोगांनंतर. जुन्या मंडळींना आठवत असेल, माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात बरीचशी पड ठेवत. ओल धरून ठेवायची आणि थंडीत गहू-हरभरा घ्यायचा. त्या पडीक खरिपात सोयाबीन शिरले. बघता बघता देवास, उज्जैन, धार, सिहोर, सगळीकडे तेच. जबलपूर विद्यापीठाचे 'जे. एस. ३३५' हे वाण तर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्याही तोंडी बसले. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, ते आपल्या इंदुरात, खंडवा रस्त्यावर. आत्ता गणपती बसले आहेत तेव्हा शहराबाहेर कुठेही गाडी वळवा, शेंगा भरत असलेले सोयाबीन दोन्ही बाजूंना दिसेल.

आम्ही नातीला एका रविवारी त्या रस्त्याने फिरवून आणले. ती बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, हे पान मी शेतातच लिहिते." अर्थात एक गोष्ट तिला नीट बजावली. लिंकननी सोयाबीन आणले असे लिहू नकोस, नाहीतर आपणच एक नवे हेडमास्तरांचे पत्र तयार करू. लिंकननी सही केली एका कायद्यावर. त्यातून संस्था झाली, संस्थेतून माणसे आली, आपल्या शास्त्रज्ञांनी त्यांच्याबरोबर काम केले, आणि आपल्या शेतकऱ्यांनी जोखीम घेऊन बी पेरले. वारसा असा हातांहाती येतो, आणि मधल्या प्रत्येक हाताचे नाव लिहायचे असते.

आणि ही काही एकेरी देवघेव नाही. १९२४ मध्ये इंदुरात वनस्पती-संशोधनाची मोठी संस्था निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. शेतातला काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची पद्धत त्यांनी इथे बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघाले. त्याच्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव आहे यशवंत वाड. आपले मराठी नाव! हॉवर्ड यांच्या विचारांवरून पुढे अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली. म्हणजे इलिनॉयहून आपल्याकडे सोयाबीन आले, त्याच्या कितीतरी आधी इंदुरातून तिकडे खत गेले होते. नातीने या पानाला शीर्षक दिले : 'हिशेब बरोबर'.

पण हिशेब पूर्ण मांडायचा तर उणे बाजूही मांडली पाहिजे. त्या कायद्याने वाटलेली जमीन आभाळातून पडली नव्हती. ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून करारांनी आणि बळजबरीने घेतलेली होती. त्याच १८६२ च्या डिसेंबरात मिनेसोटामध्ये डकोटा जमातीच्या अडतीस पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली, आणि त्या आदेशावर लिंकन यांचीच सही होती. लष्करी न्यायालयाने तीनशेहून अधिक लोकांना फाशी सुनावली होती. लिंकन यांनी एकेक प्रकरण वाचून बहुतेकांची फाशी टाळली, हेही खरे. नातीने दोन्ही लिहिले, शेजारी शेजारी. आपल्या माळव्याच्या पानावरही तिने लिहिले की सोयाबीनने घरात पैसा आला, पण खरिपातली ज्वारी मागे पडली, आणि एकाच पिकावर सगळी भिस्त ठेवली की भाव पडल्यावर शेतकरी अडचणीत येतो. मोठ्या माणसाचा वारसा घ्यायचा तर कर्जासकट घ्यावा लागतो, हे शेतकऱ्याच्या घरात कोणालाही कळते.

आता शेवटी त्या पत्राचे काय झाले ते सांगतो, नाहीतर घरी जाऊन तुम्ही भांडाल. नातीने ते काढून टाकले नाही. बाराव्या पानावर ठेवले. वर लिहिले, 'लिंकन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले, पण त्यांचे असल्याचा पुरावा नसलेले पत्र. मराठी रूप : वसंत बापट.' काकानेच ती ओळ सुंदर अक्षरात लिहून दिली. मॅडमनी वर्गात वाचून दाखवायला लॅथमचे पत्र निवडले. गुण किती मिळाले, ते विचारू नका. घरातल्या सगळ्यांनी ते सांगून झाले आहे!

आमची मंडळाकडे एक छोटी मागणी आहे. आपल्या मुलांना शाळेत असे प्रकल्प नेहमी मिळतात. अहिल्यादेवींवर मिळतात, शिवाजी महाराजांवर, बाबासाहेबांवर मिळतात. बाबासाहेबांचा तर जन्मच इथून जवळ, महूला झाला. या सर्वांच्या नावावर मोबाईलवरून रोज काहीतरी फिरत असते. आपण ज्येष्ठ मंडळी रिकामी आहोत, आपल्या घरांत जुनी पुस्तके आहेत, मोडी वाचणारेही अजून दोन-चार जण आपल्यात आहेत. दर रविवारी सकाळी तासभर मंडळाच्या खोलीत बसू. मूल प्रकल्प घेऊन आले की त्याला उत्तर सांगायचे नाही. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडायला सांगायचे, आणि त्याच्या शेजारी बसून शोधायचे. पहिल्या रविवारी आम्ही दोघे नऊ वाजता किल्ली घेऊन हजर असू. चहाची जबाबदारी काकाने घेतली आहे.

 आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!